लाकडी नंदींचे तात्पुरते प्रदर्शन: तारखा, ओलावा, उसनवारी आणि मांडणी

महालकर

नागपूरच्या महाल भागातल्या एका ट्रस्टच्या लहान स्थानिक इतिहास संग्रहालयात सात आठवड्यांचे तात्पुरते प्रदर्शन आखायचे आहे. विषय तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या सणाचे, जुने लाकडी नंदी. नागपुरात कायमची दालने पाहायला १८६३ पासून अजब बंगला हे मोठे संग्रहालय आहे, पण घराघरांत माळ्यावर गुंडाळून ठेवलेले नंदी एका छताखाली पाहायला मिळतील ते अशा तात्पुरत्या प्रदर्शनातच. संग्रहालयाचे स्वतःचे चार नंदी आहेत. बाकी वीस-बावीस महाल, इतवारी, सक्करदरा इथल्या घरांतून उसने आणायचे. सोबत झुली, मठाट्या (बैलाच्या कपाळावरची सजावट), घुंगरमाळा, मिरवणुकीचे जुने फोटो आणि दहा-बारा मोडी कागद.

दालन तळमजल्यावर, २४ बाय ४० फूट, उंची १२ फूट. जुन्या वाड्याचा भाग, चुन्याच्या जाड भिंती, पश्चिमेला तीन खिडक्या. छताचे पंखे आहेत, एसी नाही. कच्चा आराखडा असा: पोळ्याच्या पंधरा दिवस आधी उद्घाटन आणि पुढे सात आठवडे चालू. तारखा, हवा, करार, मांडणी, यांतल्या ज्या बाजूचे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी तपशिलात लिहावे. मनुष्यबळ पाच जणांचे.

इतवारी_गल्ली

भाऊ, आधी तारीख बदला. बाकी सगळं तिच्यावर टेकलेलं आहे.

अमावास्येला पोळा, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. ज्याच्या घरचा नंदी तुमच्या दालनात असेल, त्याला तो त्या दिवशी घरीच पाहिजे. पोरं नंदी घेऊन बोजारा (खाऊ-पैसे) मागायला निघतात, पूजा होते. त्या दिवशी नंदी परत मागितला तर नाही म्हणता येत नाही, आणि एकाने नेला की बाकीचे पण नेतात. दालन ऐन गर्दीच्या दिवशी रिकामं.

त्याच दिवशी मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, निघते. महाल-इतवारीत टेम्पो आत शिरत नाही, तेव्हा सकाळी नेऊन देऊ आणि रात्री परत आणू हे डोक्यातून काढून टाका. तान्ह्या पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी गणपती. चितार ओळीतून मूर्ती नेणाऱ्यांनी टेम्पो आणि हमाल आधीच बांधून ठेवलेले असतात. अनंत चतुर्दशीनंतर पितृपक्ष, त्यात बरेच घरवाले देवाची वस्तू हलवत नाहीत. मग नवरात्र, दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात आणि शहरभर वाहतूक वळवलेली असते. दिवाळीत घरोघरी रंगरंगोटी.

म्हणून नंदी गोळा करणं दिवाळीनंतरच्या दहा दिवसांत. उद्घाटन त्यानंतर तीन आठवड्यांनी. शाळांच्या सहली डिसेंबर-जानेवारीतच निघतात. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत मोर्चांमुळे सीताबर्डी, सिव्हिल लाइन्सकडून येणाऱ्या बसला उशीर होते, तेवढं शाळांना आधी सांगून ठेवा.

ओलकोरड

तारखेबद्दल पूर्ण सहमत, आणि हवेच्या बाजूनेही उत्तर तेच येते. नागपुरात ऑगस्टमध्ये खोलीतली सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांवर सहज राहते. ६५-७० च्या वर काही दिवस राहिली की बुरशीला वाट मिळते. झुली, फोटो आणि कागद आधी धरतात. मे महिन्यात दुपारी तीच आर्द्रता २० च्या आसपास येते आणि लाकूड तडकते. दिवाळीनंतर जानेवारीअखेरपर्यंत जाड भिंतींच्या बंद खोलीत ती साधारण ४० ते ६० मध्ये राहते. यंत्राशिवाय मिळणारा हा वर्षातला सर्वांत चांगला काळ आहे.

हिवाळ्यातही एक गोष्ट बिघडते. रात्री बाहेर १०-१२ अंश, दुपारी २८. सकाळी सातला झाडलोट करताना दारे-खिडक्या सताड उघडल्या की थंड दमट हवा आत येते आणि दहा वाजता ऊन चढले की आर्द्रता झपाट्याने खाली जाते. वस्तूला रोजचा हा चढउतार सर्वांत वाईट; एखादा आकडा चुकण्यापेक्षाही वाईट. खिडक्या सात आठवडे बंदच ठेवा, झाडलोट दार लोटून करा, ओले पोछे मारू नका.

फेब्रुवारीच्या मध्यानंतर प्रदर्शन वाढवू नका. मार्चमध्ये कोणीतरी कूलर लावतोच. भर उन्हाळ्यात तो बाहेरची ४३ अंशांची, १५ टक्के आर्द्रतेची हवा घेतो आणि २६-२७ अंशांची, सत्तर टक्क्यांच्या आसपासची हवा आत सोडतो. संध्याकाळी तो बंद झाला की दोन तासांत आर्द्रता पुन्हा तळाला. माणसाला सुख, लाकडाला दिवसातून एकदा भिजून वाळणे. जिथे उसनी वस्तू आहे त्या दालनात कूलर नको, एवढी अट करारातच लिहा.

मोजायला दोन-तीन डिजिटल आर्द्रतामापक पुरतात, पण आधी तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, त्यावर थोडे पाणी, ओल्या वाळूसारखे होईल इतकेच, विरघळेल इतके नको. झाकण आणि मापक एका घट्ट बंद डब्यात बारा तास ठेवा. मापकाने ७५ दाखवले पाहिजे. ६९ दाखवत असेल तर त्यावर ६ मिळवा असे त्याच्या पाठीवर लिहून टाका. एक मापक दाराजवळ, एक सर्वांत आतल्या कोपऱ्यात, एक कागदांच्या पेटीत. नोंद सकाळी दार उघडण्याआधी आणि दुपारी तीनला.

महालकर

तारीख बदलली. दिवाळीनंतर गोळा करणे, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उद्घाटन, जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात समारोप.

तरी एक अडचण राहते. पोळ्याच्या दिवसांत लोक स्वतःहून या विषयाकडे वळतात. तेव्हा संग्रहालयात काहीच नसणे खटकते.

पाटीपेन्सिल

पोळ्याच्या आठवड्यात मूळ वस्तू न मांडता लहान प्रदर्शन करा: फोटोंच्या प्रती, बाजारातून विकत घेतलेले नवे नंदी, आणि संग्रहालयाच्या स्वतःच्या चारपैकी जो सर्वांत धडधाकट आहे तो एक. तिथेच एक वही ठेवा, 'आमच्या घरी नंदी आहे' अशी नोंद करायला. उंची, रंग, किती पिढ्यांचा, भागाचे नाव, फोन. हिवाळ्यातल्या प्रदर्शनाचे नंदी या वहीतूनच मिळतील, दारोदार विचारत फिरण्यापेक्षा लवकर. वही काउंटरच्या आतल्या बाजूला ठेवा. कोणाच्या घरी जुनी मौल्यवान वस्तू आहे ही माहिती सगळ्यांनी चाळण्यासारखी नसते.

सागवान

आता लाकडाकडे येतो. घरचे नंदी बहुतेक सागवानी असतात. त्यांवर वर्षानुवर्षे पोळ्याआधी दिलेल्या रंगाचे थर असतात, वर तेल, हळद-कुंकू, बेगड. हे सगळे वस्तूचाच भाग आहे. घरवाला प्रेमापोटी म्हणतो, 'तुम्ही नेण्याआधी रंगवून देतो'. त्याला नम्रपणे पण लेखी सांगा की जसा आहे तसाच हवा. ताज्या ऑइल पेंटखाली जुने थर झाकले जातात, आणि तीन आठवड्यांपूर्वीचा रंग पेटीत वास सोडत राहतो.

आल्या दिवशी नंदी थेट दालनात नेऊ नये. वेगळ्या खोलीत, खाली काळा कागद अंथरून तीन आठवडे ठेवा. उद्घाटनाआधी तीन आठवडे लागतात ते यासाठीच. दर दोन दिवसांनी कागद पाहायचा. बारीक पिठासारखा भुसा पडला असेल तर आत कीड जिवंत आहे. भुसा पुसून, कागद बदलून, भोकांच्या जागांचा फोटो घ्या. नव्या भोकाची कड फिकी आणि स्वच्छ असते, जुन्याची काळपट. जुनी भोके असणे म्हणजे कीड असणे नव्हे.

जिवंत कीड निघाली तर रंगीत लाकडावर औषध फवारू नका, रॉकेलही नको, रंग सुटतो. अनेक थरांचा रंग असलेली वस्तू उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये घालणेही टाळा. लाकूड आणि रंग वेगवेगळे आकसतात, पापुद्रा उठतो. सुरक्षित उपाय प्राणवायू काढून घेण्याचा: अॅल्युमिनियमचा थर असलेल्या जाड फिल्मची पिशवी, चारी बाजूंनी उष्णतेने बंद, आत प्राणवायू शोषणाऱ्या पुड्या, आणि प्राणवायू अर्ध्या टक्क्याखाली ठेवून तीन आठवडे. साध्या पॉलिथीनमधून हवा झिरपते, ती पिशवी चालत नाही. थंडीत खोली २५ अंशांच्या खाली गेली तर मुदत वाढवावी लागते, कारण कीड मंदावते आणि तग धरते. या नंदीचे नाव उद्घाटनाच्या यादीतून काढा आणि जागा रिकामी न ठेवता तिथे फोटो लावा.

उचलण्याबद्दल. शिंगे, कान, शेपूट बहुधा वेगळे करून ठोकलेले असतात आणि खिळे गंजलेले. पायही काही नंदींत जोडलेले असतात. म्हणून शिंगाला, मानेला, शेपटीला हात नाही. पोटाखालून रुंद सुती पट्टे घालून उचलायचे. तीन फुटी भरीव सागवानी नंदीला चार माणसे आणि पाचवा फक्त दार धरायला व पायरी सांगायला. अंगठ्या, घड्याळे काढून ठेवा, पट्ट्याचे बक्कल रंगावर घासते. चाकांवर ढकलत नेणे हा मोह सर्वांत महागात पडतो. जुना आस लाकडात सैल झालेला असतो आणि पहिल्याच उंबरठ्यावर चाक निखळते.

गुंडाळताना फुगेवाला प्लास्टिक थेट रंगावर नको, गोल ठसे उमटतात. आधी धुतलेले मांजरपाट, त्यावर फोम, मग बाहेरून हवे ते. रंग पोपडे धरून असेल तर मांजरपाटाचे धागेही अडकतात. तिथे गुळगुळीत पॉलिएस्टर फिल्म नुसती सैल ठेवा.

साफसफाई मऊ ब्रशनेच. ओले फडके, थिनर, अळशीचे तेल, पॉलिश, यांतले काहीही नाही.

ओलकोरड

सागवान यांना एक विचारायचे आहे. मोडी कागद आणि झुली याच दालनात आहेत. त्यांच्यासाठी आर्द्रता ५० वर आणायला आर्द्रताशोषक यंत्र लावावे का? ११,५२० घनफुटांच्या दालनाला दिवसाला ३०-५० लिटर पाणी काढणारे यंत्र पुरेल.

सागवान

दालनात नको. वाड्यातल्या खोलीत कित्येक वर्षे राहिलेले लाकूड यंत्राने दोन दिवसांत ५० वर ओढले तर जुनी भेग उघडते आणि सांध्याजवळचा रंग सुटतो. ज्या हवेत नंदी इतकी वर्षे टिकला, तीच त्याची हवा. सावकाश बदल तो सोसतो. हिवाळ्यात नैसर्गिकपणे जे मिळते त्यात समाधान माना आणि कागदांसाठी वेगळी बंद पेटी करा.

पावसाळ्यातल्या छोट्या प्रदर्शनात यंत्र लावलेच, तर टाकीच्या भरवशावर ठेवू नका. टाकी मध्यरात्री भरते, यंत्र आपोआप बंद पडते आणि सकाळपर्यंत खोली पुन्हा दमट. नळी लावून पाणी थेट मोरीत सोडा.

ओलकोरड

पटले. मग पेटीचा हिशेब देतो. टेबलासारखी काचेची पेटी १२० बाय ६० सेंमी, खोली २५ सेंमी, म्हणजे ०.१८ घनमीटर. ओल शोषणाऱ्या साध्या सिलिका जेलचे जुने प्रमाण घनमीटरला २० किलो, म्हणजे एका पेटीला ३.६ किलो. हे वस्तूशेजारी वाटीत ठेवायचे नसते. पेटीला खोटा तळ करा, त्याला भोके पाडा, आणि खालच्या कप्प्यात जेल पातळ पसरा. ढीग केला तर वरचाच थर काम करतो.

भट्टीत वाळवलेले जेल तसेच घातले तर ते हवा कोरडी ठणठणीत करते आणि कागद वळतो. ते आधी ५० टक्क्यांच्या हवेशी जुळवून घ्यायचे. बंद डब्यात मॅग्नेशियम नायट्रेटचे संपृक्त द्रावण ठेवले तर २५ अंशांना आतली हवा ५३ टक्क्यांच्या जवळ स्थिर राहते. त्या डब्यात जाळीवर जेल पसरून वजन वाढायचे थांबेपर्यंत ठेवा. आठवडे लागतात, ऑक्टोबरात सुरू करा. रंग बदलणारे निळे जेल घेऊ नका, त्यात कोबाल्ट क्लोराइड असते. नारिंगी मिळते. रंगावरून ५० टक्के ओळखू येत नाही, पेटीत छोटा मापक हवाच.

पेटीच्या फटी बंद करायला सिलिकॉन घ्याल तेव्हा नळी हुंगून पाहा. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन अॅसेटिक आम्ल सोडते. शिशाचा कुठलाही भाग त्याने पांढरा पडतो आणि घुंगरमाळांतले पितळही खराब होते. 'न्यूट्रल क्युअर' लिहिलेलेच घ्या. तीच गोष्ट फेव्हिकॉलची आणि प्लायची. प्लाय वापरणे भागच असेल तर आतून अॅल्युमिनियमच्या थराची फिल्म लावून झाका. आतला रंग पाण्याचा अॅक्रिलिक, आणि रंगवल्यावर पेटी किमान तीन-चार आठवडे उघडी ठेवा. उद्घाटनाच्या आदल्या रात्री रंगवलेली पेटी म्हणजे वस्तूवर सात आठवडे वाफ सोडणे.

दप्तरदार

कागदांबद्दल पुरवणी. मोडी कागदांची काजळाची शाई उजेडाला फिकी पडत नाही, पण डिंकात घोटलेली असल्याने ओल लागली की पसरते. इंग्रजी अमलातल्या पुढच्या काळातल्या लोहयुक्त शाईचे उलटे: ती तपकिरी होते आणि कागदालाच खाते. दोन्ही एकाच पेटीत असतील तर दोन्हींना झेपेल अशी अट म्हणजे ४५-५५ टक्के आर्द्रता आणि ५० लक्स (उजेडाचे माप).

कागद चिकटवायचा नाही. पॉलिएस्टर फिल्मच्या त्रिकोणी कोपऱ्यांत चारही टोके अडकवा आणि खालच्या आम्लरहित पुठ्ठ्याला ते कोपरे चिकटवा. सेलोटेप, पिना, स्टेपल यांना जागाच नाही. मोडी मजकुराचे देवनागरी लिप्यंतर प्रत्येक कागदाखाली द्या, निदान पहिल्या चार ओळींचे. त्याविना तो कागद पाहणाऱ्याला फक्त नक्षी वाटतो.

उजेडाचा हिशेब बेरजेने करायचा. दिवसाला ८ तास, आठवड्याला ६ दिवस, ७ आठवडे, म्हणजे ३३६ तास. ५० लक्सला १६,८०० लक्स-तास. तेच ट्यूबलाइटखाली ३०० लक्सवर ठेवले तर १,००,८००, म्हणजे सात आठवड्यांत बेचाळीस आठवड्यांचे फिके पडणे. जुने फोटो मूळ ठेवूच नका. ६०० डीपीआयला स्कॅन करून चांगल्या कागदावर प्रत काढा आणि पाटीवर 'प्रत' असे स्पष्ट लिहा. मूळ एखादाच, तोही दर पंधरा दिवसांनी बदलून.

आता उसनवारी. करारात इतके असावे: वस्तूचे वर्णन मापांसह, मालकाचे नाव, कोणत्या तारखेला घेतली, कोणत्या तारखेला परत देणार, दोघांना मान्य किंमत, विमा कोणाचा, फोटो काढायची आणि छापायची परवानगी, पाटीवर घराण्याचे नाव हवे की नको, मध्येच वस्तू हवी झाली तर किती दिवस आधी कळवायचे. घरात तीन भाऊ असतील तर तिघांच्या सह्या. एका भावाने दिलेली वस्तू दुसरा दालनात येऊन मागतो तेव्हा संग्रहालय अडकते.

विमा फक्त दालनातला घेऊ नका. घराच्या माळ्यावरून खाली उतरवल्यापासून परत त्याच घरात ठेवेपर्यंतचा हवा, वाहतुकीसह. बहुतेक नुकसान गाडीत आणि जिन्यात होते, प्रदर्शनात कमी. विम्याची यादी आणि कराराची यादी शब्दशः सारखी ठेवा. एकीत 'नंदी, मोठा' आणि दुसरीत 'लाकडी बैल, ३ फूट' असेल तर दाव्याच्या वेळी वाद होतो.

स्थिती अहवाल चार वेळा: घरी उचलण्याआधी, संग्रहालयात आल्यावर, प्रदर्शनाच्या मध्यावर, परत देताना. प्रत्येक नंदीचे आठ बाजूंनी फोटो, शेजारी मोजपट्टी आणि क्रमांक. जुनी भेग, तुटका कान, उडालेला रंग, किडीची भोके नकाशावर दाखवल्यासारखी दाखवा आणि मालकाची सही त्याच जागी घ्या. क्रमांक वस्तूवर लिहू किंवा चिकटवू नका. पुठ्ठ्याची चिठ्ठी सुती फितीने पायाला सैल बांधा.

कायदा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांवरच्या अशा वस्तू आणि ७५ वर्षांवरची ऐतिहासिक हस्तलिखिते पुरावशेषांत येतात. नोंदणी मात्र ठरावीक प्रकारांनाच लागते. फोटोंसह यादी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाला आधीच लेखी पाठवून विचारून घ्या. घरवाल्यांना 'सरकार घेऊन जाईल' ही भीती असते. नोंदणीने मालकी बदलत नाही हे त्यांना समजावून सांगा. नंदीबरोबर सांबरशिंग, वाघाचे कातडे, हस्तिदंत असे काही देऊ केले तर वन्यजीव कायद्याखालचे मालकी प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय हातही लावू नका. पेंढा भरलेले जुने प्राणी तर हातमोज्यांशिवाय नाहीच, त्यांत आर्सेनिक असू शकते.

मांडणीकार

२४ बाय ४० म्हणजे ९६० चौरस फूट. भिंतींना टेकून काही ठेवू नका, वाळवी भिंतीतून येते आणि चुना झडतो. चौथरे भिंतीपासून किमान १५ सेंमी पुढे, म्हणजे मागून टॉर्च मारून वाळवीची माती दिसते. फिरायची वाट दीड मीटर, कुठेही ९० सेंमीपेक्षा अरुंद नाही. उंबरठ्यावर उतार द्यायचा तर १ ला १२: सहा इंच उंचीला सहा फूट लांब. एका वेळी आत २५-३० माणसे. साठ मुलांचा वर्ग आला तर अर्धे अंगणात.

नंदी चाकांवर उभे करू नका. पोटाखाली फोम लावलेला लाकडी आधार द्या, चाके जेमतेम टेकतील इतके वजन आधारावर घ्या आणि चाकांना दोन्हीकडून पाचर मारा. चौथरा ४५ सेंमी उंच. मोठ्या नंदींसमोर ६० सेंमी अंतरावर दोरी, लहान नंदी काचेत.

चुन्याच्या भिंतीवर दुहेरी टेप धरत नाही, खिळा ठोकला तर ढेकूळ निघते. फलक उभ्या चौकटींवर घ्या. सरळ रांगेत उभे केलेले फलक पंख्याच्या वाऱ्यानेही हलतात. तीन-तीन फलक कोन करून बिजागऱ्यांनी जोडले की स्वतःच उभे राहतात. फलक ५ मिमी सनबोर्डवर, मॅट लॅमिनेशन. चकचकीत घेतले तर दिव्याचे प्रतिबिंब अक्षरांवर येते. फ्लेक्स बंद खोलीत आठवडेच्या आठवडे वास सोडतो, तो बाहेरच्या कमानीपुरता.

फलकाचा मध्य जमिनीपासून १५० सेंमीवर. मजकूर ३० पॉइंटच्या खाली नको, ओळींतले अंतर दीडपट, कारण देवनागरीत वर वेलांट्या आणि खाली उकार असतात. रोमनच्या हिशेबाने अंतर ठेवले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत शिरतो. विभागाच्या फलकावर १००-१२० शब्द, वस्तूच्या पाटीवर ४०-५०.

छपाईत हमखास काय बिघडते: मजकूर जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला असतो आणि छपाईवाल्याच्या संगणकावर त्याची अगम्य चिन्हे होतात. युनिकोडमध्ये असेल तरी जुन्या कोरलड्रॉमध्ये जोडाक्षरे फुटतात, पहिली वेलांटी पुढच्या अक्षरावर जाते, 'वऱ्हाड' आणि 'तऱ्हा' यांतला अर्धा र (ऱ्) मोडतो. मजकूर आधी पक्का करा, सगळे कर्व्ह्जमध्ये (अक्षरांऐवजी रेषाकृतींत) बदला, मग पीडीएफ द्या. आणि पीडीएफ पडद्यावर न तपासता ए-४ कागदावर छापून, ज्याने मजकूर लिहिला नाही अशा माणसाकडून वाचून घ्या.

पाटीपेन्सिल

हा मुलांचा सण आहे, तेव्हा प्रत्येक मोठ्या नंदीला दुसरी पाटी ९० सेंमी उंचीवर द्या. त्यात माहिती न देता शोधायला सांगा: 'याच्या वेसणीचा रंग कोणता?', 'कोणत्या नंदीचे दोन्ही कान वेगळ्या लाकडाचे आहेत?' मूल वाकून पाहते, मागून आई-वडीलही पाहतात.

मुले हात लावणारच. सुताराकडून नवा नंदी करून घ्या आणि तो दालनाच्या सुरुवातीलाच ठेवा, शेवटी ठेवला तर तोवर हात जुन्या नंदीला लागून झालेले असतात.

दुसरे म्हणजे पूजा. लोक नंदीसमोर नाणी ठेवतात, कुंकू लावतात, फूल वाहतात. मनापासून करतात, त्यांना झिडकारू नका. बाहेर ओसरीत एक नवा नंदी पूजेसाठी ठेवा आणि पहारेकऱ्याला 'तिकडे वाहा' असे हात जोडून सांगायला शिकवा. आत निरांजन, उदबत्ती नाही.

महालकर

प्रस्तावनेच्या फलकाचा मसुदा करतो आहे. नागपूर वसवणाऱ्या बख्त बुलंद शहापासून सुरुवात करावी का? आणि 'तान्हा पोळा दुसऱ्या रघूजीराजे भोसल्यांनी सुरू केला' हे वाक्य पहिल्याच ओळीत घ्यावे का?

दप्तरदार

१७०२ चे बख्त बुलंद, १८१७ ची सीताबर्डीची लढाई, १८५४ ला राज्य खालसा, १८७७ ची एम्प्रेस मिल, हा सगळा पट पहिल्या फलकावर मांडला तर नंदी पाचव्या फलकापर्यंत येतच नाही. शहराचा इतिहास तेवढाच घ्या जेवढा या लाकडाला स्पर्श करतो. भोसल्यांचा दरबार घ्या, कारण प्रथा तिथे नेली जाते. सुतार आणि चितारी कुठल्या ओळीत राहत ते घ्या. गिरणी घ्यायची तर एवढ्यासाठीच की गिरणीतल्या कामगारांच्या वस्तीत नंदी किती छोटे होत गेले हे वस्तूंवरून दाखवता येत असेल. येत नसेल तर सोडा.

रघूजीराजांबद्दल 'परंपरेने असे सांगतात' हे शब्द ठेवा. प्रत्येक पाटीवर माहिती कशावरून आली तेही लिहा: घरातल्या सांगण्यावरून, नंदीच्या पोटाखाली कोरलेल्या सनावरून, की कागदावरून. वयाचा अंदाज 'चार पिढ्यांपूर्वीचा, घराण्याच्या सांगण्यानुसार' असाच. 'दोनशे वर्षांपूर्वीचा' असे पुराव्याविना छापले की वृत्तपत्रात तेच जाते आणि पुढे कायम तेच राहते.

सागवान

पोटाखालचा सन पाहायला नंदी उलटा करू नका. आरसा आणि तिरकी धरलेली टॉर्च पुरते. तिरक्या उजेडात रंगाखाली गेलेले कोरीव अक्षरही उठून दिसते.

इतवारी_गल्ली

परतीचं कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. समारोपाच्या दुसऱ्याच दिवशी सगळं एकदम परत करू नका. दिवसाला चार घरं, सकाळी अकरा ते दुपारी चार. संध्याकाळी इतवारीत हातगाड्यांमुळे गाडी उभी करायला जागा राहत नाही. गाडी छोटी घ्या, मोठा टेम्पो महालाच्या बोळात वळत नाही. ज्या क्रमाने परत द्यायचे त्याच्या उलट क्रमाने गाडीत भरा म्हणजे पहिल्या घरचा नंदी दाराशी राहते.

घरी पोचल्यावर मालकासमोर उघडायचं, अहवालातले फोटो शेजारी धरून दोघांनी पाहायचं, मग सही. मालक घरी नसेल तर शेजाऱ्याकडे ठेवून यायचं नाही, परत आणायचं.

दप्तरदार

आणि सोबत प्रत्येक घराला त्यांच्या नंदीच्या फोटोंचा संच, स्थिती अहवालाची प्रत, आणि पुढे घरी कसा ठेवावा याचे एक पान द्या: माळ्यावर पत्र्याखाली नको, प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून नको, मांजरपाटात गुंडाळून खोलीच्या आतल्या भिंतीशी, जमिनीपासून वीतभर उंच, कूलरच्या झोतापासून लांब, वर्षातून दोनदा खालचा कागद भुशासाठी पाहणे.

महालकर

त्या पानाचा मसुदा उद्या इथेच टाकतो. सागवान, रंग द्यायचाच असेल तर घरच्यांनी कोणता द्यावा, यावर त्यात दोन ओळी हव्यात.

सागवान

लिहा: आधीचा रंग खरवडू नये, पॉलिश पेपर मारू नये. दरवर्षी पूर्ण रंगवण्याऐवजी झूल, बेगड आणि फुलांनी सजवावे. घरच्या रीतीप्रमाणे रंग लागतोच असेल तर शिंगांना आणि खुरांना तेवढा पाण्याचा रंग द्यावा, अंगाचे जुने थर राहू द्यावेत. आणि रंगवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढून तारीख घालून ठेवावा.